औषध बनत असतानाच मशीन तपासणार असेल, तर टायट्रेशन शिकून काय उपयोग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करताय, कुणीतरी व्याख्यानात सांगून गेलं की आता एनआयआर (जवळच्या अवरक्त प्रकाशाचं शोषण मोजणं) आणि रामनने (लेसरचा विखुरलेला प्रकाश वाचणं) चालू बॅचच तपासतात, मग कार्ल फिशर, म्हणजे पाणी मोजायचं टायट्रेशन, घोटत बसायचं कशाला?

मी वाळूजला गोळ्यांच्या एका प्लँटवर आहे. आधी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत होतो, आता प्रोसेसकडे. माझं उत्तर: तुम्ही ते घोटलं नाही, तर त्या मशीनला काहीच सांगता येणार नाही.

आमच्याकडे सोयाबीन बाजारात नेलं की घरी पहिला प्रश्न असतो, "हवा किती लागली?" हवा म्हणजे ओलावा. आकडा चढला की भाव उतरला. अडतीवरचं मीटर विजेच्या गुणधर्मावरून अंदाज बांधतं. प्रकाशावरून धान्याचा ओलावा काढायचं काम अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी 1960च्या दशकात पुढे नेलं. तीच एनआयआर नंतर औषध कारखान्यात शिरली. शेतातून आलेली म्हणा ना!

फ्लुइड बेड ड्रायरमध्ये ओल्या ग्रॅन्युल्स, म्हणजे गोळीसाठी बनवलेले औषधाचे दाणे, गरम हवेवर उडत असतात. जुनी रीत म्हणजे ड्रायर थांबवा, नमुना काढा, एलओडी लावा (नमुना तापवून वजन किती घटलं ते बघा) आणि वाट बघा. एनआयआरचा प्रोब काचेतून आत प्रकाश टाकतो. पाणी 1450 आणि 1940 नॅनोमीटरच्या आसपास तो शोषतं. माल वाळेल तसा तिथला उंचवटा बसत जातो. पण या उंचवट्याला "दोन टक्के" म्हणायचं, हे मशीनला कोण शिकवतं? शेकडो नमुन्यांची तुमची एलओडी, तुमचं कार्ल फिशर. त्यावरून पीएलएस मॉडेल, म्हणजे स्पेक्ट्रमवरून आकडा सांगणारं गणित, बनतं. बुरेटवर तुमचा हात हलला असेल, तर मॉडेल तो हललेला हातही शिकतं.

आमचीच फजिती सांगतो. एका बॅचला ओलाव्याचा आकडा झरझर खाली आला आणि दोन टक्क्यांजवळ गप्प बसला. आम्ही खूश, ड्रायर बंद केला. क्यूसीच्या एलओडीत माल चांगलाच ओला निघाला. प्रोबच्या काचेवर ग्रॅन्युल्सचा थर चिकटून वाळला होता आणि मशीन इमानदारीने तो थरच मोजत होतं. खरा ड्रायर थोडा तरी थरथरता आकडा देतो. इतकी सरळ रेघ दिसली तेव्हाच शंका यायला हवी होती. आता दर बॅचआधी काच बघतो आणि शेवटचा आकडा एकदा एलओडीशी ताडून घेतो.

रामनचं काम माझं नाही, पण हिंजवडीला बायोटेकमध्ये असलेल्या बॅचमेटशी यावर तासन्‌तास बोलणं होतं. बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत, सगळं पाणीच असतं, आणि पाण्याचा रामन सिग्नल फार कमजोर, म्हणून तिथे एनआयआरपेक्षा रामन सोयीचं. पेशी ग्लुकोज खातात आणि लॅक्टेट टाकतात. एक घटतं तेव्हा दुसरं वाढतं. मग मॉडेल शेजाऱ्याच्या पेपरात बघणाऱ्या पोरासारखं लॅक्टेटकडे बघून ग्लुकोज सांगायला लागतं! आकडे अगदी जुळतात. पुढे पेशींनी लॅक्टेटच खायला सुरुवात केली की पितळ उघडं पडतं. म्हणून माझी ती बॅचमेट काही नमुन्यांत मुद्दाम वरून ग्लुकोज घालते, ही जोडी फोडायला. ते किती घातलं, ते पुन्हा हातानेच नीट मोजावं लागतं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2004मध्ये माल बनतानाच तपासायच्या या पद्धतीला, म्हणजे पीएटीला (प्रोसेस ॲनालिटिकल टेक्नॉलॉजी), उत्तेजन देणारं मार्गदर्शन काढलं. तरी आमच्या भागातले बरेच प्लँट अजून एलओडीवरच चालतात, त्यामुळे नोकरीची घाई-भीती नको. नुसतं बटण दाबणाऱ्याची जागा मात्र जाईल, असं मला वाटतं.

विभागात एनआयआर नसेल तर साधा यूव्ही-व्हिजिबल पुरे. परमँगनेट आणि डायक्रोमेट आम्लात मिसळा. आधी दोन्ही एकाच प्रमाणात वाढवत नेऊन सगळ्या स्पेक्ट्रमवर पीएलएस मॉडेल बनवा, आर किंवा पायथनमध्ये फुकट जमतं. मग फक्त डायक्रोमेट वाढवा आणि परमँगनेटचा अंदाज विचारा. बहुतेक फसेल. मुलाखतीला ते फसलेलं मॉडेलच घेऊन जा, आणि का फसलं ते सांगा.