स्क्रीनवर ठीक, प्रेसमध्ये नापास: पीडीएफ पाठवण्याआधी प्लेटा बघा

तुम्ही १६० पानांचं ए५ पुस्तक इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं, पण ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर सोडलेला जादा भाग) नाही आणि मजकूर चार रंगांत आहे म्हणून प्रेसने फाइल परत केली. स्क्रीनवर सगळं नीट दिसतंय, मग अडलं कुठे, हा तुमचा प्रश्न. स्क्रीन सगळे रंग एकत्र दाखवते. प्रेसला सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार वेगळ्या प्लेटा लागतात. फाइल तशीच, प्लेट-प्लेट करून तपासली पाहिजे.

आधी काळा मजकूर, कारण वाचणाऱ्याचा संबंध सर्वांत जास्त त्याच्याशीच येतो. वर्डमधून मजकूर आणला की बरेचदा सोबत आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) काळाही येतो. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, करताना तो चारही प्लेटांत वाटला जातो. छापताना एखादी प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येते, जोडाक्षरं भरल्यासारखी दिसतात. स्वॅचेसमध्ये (साठवलेल्या रंगांच्या यादीत) तो आरजीबी काळा शोधून डिलीट करा आणि बदली रंग विचारला की मूळचा ब्लॅक द्या. स्वतः बनवलेला १०० टक्के काळा स्वॅच वापरू नका. मूळचा ब्लॅक आपोआप ओव्हरप्रिंट होतो, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापला जातो; तुमचा होत नाही. मग रंगीत पट्टीवरच्या अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसण्याचा धोका राहतो.

आता सेपरेशन्स प्रिव्ह्यू (प्लेटा वेगवेगळ्या दाखवणारं पॅनेल) उघडा आणि ब्लॅक बंद करा. पानावरचा काळा मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. पुसट जरी उरला तरी तो परिच्छेद अजून चार रंगांत आहे. पांढरी अक्षरंही तिथेच बघा. त्यांना चुकून ओव्हरप्रिंट लागलं असेल तर ती छापली जाणारच नाहीत. स्क्रायबस हे दुसरं लेआउट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये एकेक रंग बंद करून बघता येतो.

मोठ्या काळ्या भागाचं गणित उलटं. संपूर्ण काळं कव्हर नुसत्या ब्लॅकने करडं वाटतं, म्हणून त्यात इतर रंग थोडे घालतात, उदाहरणार्थ ६०-४०-४०-१००. ही बेरीज २४० टक्के होते. चारही रंग १०० ठेवले तर ४०० टक्के शाई पडते, ती लवकर सुकत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला लागते. कमाल किती शाई चालेल हे कागदावर अवलंबून असतं, ते प्रेसलाच विचारा. रजिस्ट्रेशन नावाच्या स्वॅचमध्ये चारही रंग १०० असतात, तो फक्त कटिंगच्या खुणांसाठी असतो.

ब्लीडचं काम सोपं आहे, फक्त ते दोन ठिकाणी करावं लागतं. डॉक्युमेंट सेटअपमध्ये चारही बाजूंना ३ मिमी द्या आणि कडेला टेकणारी चित्रं तिथपर्यंत ओढा. मग एक्सपोर्ट करताना डॉक्युमेंटचं ब्लीड वापरण्याची खूण करा. ही खूण राहिली की आधीची मेहनत फुकट जाते. ए५चं १४८×२१० मिमीचं पान ब्लीडसकट १५४×२१६ होतं. मजकूर मात्र कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा.

फोटोंसाठी लिंक्स पॅनेलमधला इफेक्टिव्ह पीपीआय (पानावरच्या आकारात दर इंचाला किती पिक्सेल) बघा. ३००चा फोटो पानावर दुप्पट मोठा केला की १५०च उरतो. फोटोशॉपमध्ये आकडा वाढवल्याने तपशील वाढत नाही.

सगळा मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) पाठवा असा सल्ला अजूनही मिळतो. मला तो पटत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड होतात, म्हणजे फाइलसोबतच जातात, आणि कर्व्ह केल्यावर शेवटच्या क्षणी सापडलेली वेलांटी दुरुस्त करता येत नाही. मराठी युनिकोड मजकुराला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनची सोय) लावलाय ना, एवढं बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

पीडीएफ/एक्स-१ए हवी की एक्स-४ (छपाईच्या पीडीएफचे दोन प्रकार), हे प्रेसला विचारा. एक्स-१एमध्ये सावल्या आणि पारदर्शक भाग आधीच सपाट होतात, एक्स-४मध्ये तसेच जिवंत राहतात. पानं सुटी पाठवा, जोडपानं करू नका. फॉर्म लावणं, म्हणजे मोठ्या कागदावर पानं छपाईच्या क्रमाने मांडणं, प्रेसचं काम. कव्हरची वेगळी फाइल करा. कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी म्हणजे पानांच्या निम्मे कागद गुणिले एका कागदाची जाडी: ०.१ मिमीचा कागद असेल तर तुमच्या ८० कागदांचे ८ मिमी. कागद बदलला की हा आकडाही बदलतो, म्हणून कव्हर सगळ्यात शेवटी करा.