लोणी निघालं नाही तर ते ताक नव्हे

प्रश्न: ‘बटरमिल्क’मध्ये लोणी नसतं, तरी हे नाव कसं? आणि आपला ‘ताक’ शब्द आला कुठून?

लोणी काढल्यावर मागे उरतं ते बटरमिल्क. इंग्रजीचं काम इथे संपलं. आता ताकाचं. दह्यात पाणी ओतून मिक्सर फिरवायचा आणि ‘ताक केलं’ म्हणायचं, हे रोज कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. ते पातळ केलेलं दही. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, फरक स्वच्छ सांगितला आहे: घुसळून स्नेह, म्हणजे लोणी, वेगळा काढलेलं आणि निम्मं पाणी असलेलं ते तक्र, स्नेहासकट, बिनपाण्याचं घुसळलेलं ते घोल. बंगालीत ‘घोल’ अजून नांदतो आहे.

यावर अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, तोंडावर फेकला जातो: पाव हिस्सा पाणी असेल तर तक्र, निम्मं असेल तर उदश्वित्, पाणी नसेल तर मथित. सगळा हिशेब पाण्याचा, लोण्याचा उल्लेखही नाही! अमरसिंह शब्दांचा जाणकार खरा, पण पदार्थ ओळखायचा तर मी वैद्याचं ऐकेन.

चक्राचं चाक झालं तसं तक्राचं ताक झालं, हे सोपं. खरी मौज धातूत आहे. उणादिसूत्रं, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनले ते सांगणारी संस्कृत व्याकरणातली सूत्रं, तक्र हा शब्द ‘तञ्च्’पासून साधतात. तञ्च् म्हणजे आकसणं, घट्ट होणं. त्याचंच ‘आतंचन’ म्हणजे विरजण. यजुर्वेदात दुधाला विरजण लावतानाचा मंत्र आहे, ‘इन्द्रस्य त्वा भागं सोमेनातनच्मि’: इंद्राचा वाटा असलेल्या तुला सोमाने विरजतो. त्यातलं ‘आतनच्मि’ आणि आपल्या पेल्यातलं ताक एकाच धातूचे! इतक्या पातळ पदार्थाच्या नावात घट्ट होण्याची क्रिया बसली आहे. माझा तर्क असा, की तक्र हे मुळात विरजलेल्या दुधाचंच नाव असावं. घट्ट भाग ‘दधि’ने बळकावला आणि घुसळून उरलेलं तक्राच्या वाट्याला आलं. कोशकार नुसता धातू देऊन पुढे सरकतात, अर्थ असा उलटला कसा हे विचारत नाहीत. विचारायला हवं.

उदश्वित् म्हणजे पाण्याने फुगलेलं. पाणिनीने या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं, आणि मराठीत त्याचा मागमूस नाही, याची मला फार हळहळ वाटते.

मग मिक्सरमधल्याला म्हणायचं काय? मठ्ठा म्हणा. तो माझ्या मते ‘मथित’वरूनच आला आहे, म्हणजे घुसळलेलं. लोणी काढलं की नाही, हे तो शब्द विचारत नाही.