मिसळलं आणि गार पडलं

प्रश्न : इथेनॉलमध्ये इथाइल ॲसिटेट ओतलं, तर बीकर हाताला गार लागला. अभिक्रिया झाली का?

उत्तर : नाही. नुसतं मिसळणंच उष्णता खातं. शुद्ध इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यांच्या साखळ्याच बनतात. असा बंध सोडवायला मोलमागे साधारण 20 ते 25 किलोज्यूल लागतात. एस्टरचे, म्हणजे इथाइल ॲसिटेटचे, रेणू मध्ये घुसले की साखळ्या तुटतात. एस्टरच्या कार्बोनिल ऑक्सिजनला (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनला) इथेनॉलचा हायड्रोजन धरतो खरा, पण ही पकड जुन्या पकडीपेक्षा ढिली. तुटीचा भार द्रव स्वतःच्या उष्णतेतून उचलतो, म्हणून तो गारठतो.

प्रश्न : पुस्तकात या मिश्रणाचं अतिरिक्त आकारमान (मिश्रणाचं आकारमान वजा दोन्ही द्रवांच्या सुट्या आकारमानांची बेरीज) धन दिलंय, माझं ऋण येतं. चूक कुठे?

उत्तर : आधी इथेनॉलच्या बाटलीवर संशय घ्या. हा फरक मोलमागे घन सेंटिमीटरच्या अंशाइतका, मोजपात्रात दिसणारच नाही. डेन्सिटोमीटर, म्हणजे नळीत द्रव भरून घनता मोजणारं यंत्र, लागतो आणि तो पाण्याचा अंशही पकडतो. 25 अंशांना कोरड्या इथेनॉलची घनता घन सेंटिमीटरमागे 0.785 ग्रॅम, वजनाने 1 टक्का पाणी शिरलं की ती 0.788 होते. गणितात पुस्तकातली 0.785 वापरली असेल, तर मिश्रण आकसल्यासारखं दिसणारच. तुमच्याच बाटलीतल्या इथेनॉलची घनता मोजून घाला. झाकण उघडं राहून एस्टर उडाला तर प्रमाण बिघडतं, ते वेगळं. नळीत बुडबुडा अडकला तर चूक उलट दिशेने, म्हणजे नसलेली वाढ दिसते. (पाणी आणि इथेनॉल मात्र खरंच आकसतात : 50 मिली अधिक 50 मिली, हाती सुमारे 96.)

प्रश्न : ऊर्ध्वपातनाने दोन्ही वेगळे का होत नाहीत?

उत्तर : इथेनॉल 78.3 अंशांना उकळतं, इथाइल ॲसिटेट 77.1 ला, आणि वजनाने सुमारे 31 टक्के इथेनॉल असलेलं मिश्रण 71.8 ला. एकमेकांच्या सहवासात दोघांनाही द्रवात राहणं नकोसं होतं, राउल्टच्या नियमाने (घटकांच्या प्रमाणावरून बाष्पदाब सांगणारा नियम) येतो त्यापेक्षा बाष्पदाब चढतो. त्या प्रमाणाला बाष्प आणि द्रव यांची घडण एकच, मग साधा स्तंभ काय वेगळं करणार?

प्रश्न : अतिरिक्त आकारमानाच्या मोजलेल्या बिंदूंवर वक्र बसवणाऱ्या रेडलिच-किस्टर समीकरणात किती सहगुणक घ्यावेत?

उत्तर : बहुधा तीन पुरतात. नऊ बिंदूंना सहा सहगुणक लावले की वक्र तुमच्या चुकांवरूनही वळणं घेतो. शिवाय 1948 सालचं हे समीकरण फक्त वक्र बसवतं. त्याच्या सहगुणकांतून हायड्रोजन बंध वाचू नका.