चौथीतला अल्बर्टा

ताई, मुलगी कॅनडात कॅल्गरीला चौथीत जाणार, तर तिथल्या अल्बर्टा प्रांताची ओळख व्हावी म्हणून घरी काय काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

प्रवेशाची माहिती सरकारी साइटवर आहे. फक्त पत्त्याच्या पुराव्याचं आधी बघा. घरमालक म्हणे बँकेचं पत्र आणा, बँक म्हणे घराचा करार आणा. तीन आठवडे हेलपाटे घातले, आणि पोरगा घरीच बसून.

आम्ही 2016 मध्ये आलो. तेव्हा चौथीच्या सोशल स्टडीजचा सगळा विषयच अल्बर्टा होता. सर्वांत छान काम नकाशाचं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, घट्ट मळायचं आणि पुठ्ठ्यावर प्रांत थापायचा. नैऋत्येला रॉकीज पर्वत उंच, दक्षिण-पूर्वेला गवताळ सपाटी, उत्तरेला जंगल. वाळायला दोन-तीन दिवस लागतात, मग रंग. दिवाळीचा किल्ला केलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही.

दीड तासावर ड्रमहेलर आहे, तिथलं रॉयल टायरेल म्युझियम दाखवाच. ज्यांचं नाव म्युझियमला आहे ते भूगर्भशास्त्रज्ञ टायरेल कोळसा शोधत फिरत होते, 1884 मध्ये त्यांना डायनोसॉरची कवटी सापडली. त्याला अल्बर्टोसॉरस हे नाव 1905 मध्ये मिळालं, अल्बर्टा प्रांत झाला त्याच वर्षी. मुलांना हे पटकन लक्षात राहतं. फोर्ट मॅक्लाउडजवळचा कडाही दाखवा. तिथे ब्लॅकफूट या मूळ रहिवासी लोकांचे पूर्वज हजारो वर्षं बायसनचे, म्हणजे तिकडच्या गव्यांचे, कळप कड्यावरून खाली पाडून शिकार करत. नुसतं पुस्तकात वाचून ती उंची कळत नाही.

आता जे सांगायचं ते. वर्गात एकदा 'घरातली अल्बर्टाची वस्तू' आणायची होती. कोणाच्या पणजोबांनी दहा डॉलर भरून 160 एकर जमीन घेतलेली, त्यांचा कंदील आला, घोड्याचा नाल आला. आम्हाला येऊन दोन महिने झालेले. माझ्या मुलाने पुण्याहून आणलेला मातीचा मावळा नेला. 'हे अल्बर्टाचं नाही' अशी बाईंची चिठ्ठी घेऊन तो परत आला. मी चिडले, पण शाळेत गेले नाही.

पुढे नकाशा करताना तो म्हणाला, मावळा रॉकीजवर उभा करू? मी म्हटलं, नको, मार्क जातील. बाईंनी म्हटलं तेच मी म्हटलं. बाईंचं एक वेळ मी समजू शकते. त्याने वाद घातला नाही, मावळा खोक्यात ठेवला आणि डोंगर पांढरा रंगवायला घेतला.

एकटेपणाचं विचारलंत. हिवाळ्यात जाणवतो, कामाला लागलं की सरतो.

तो तिसरी करून आला, म्हणजे चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक त्याच्या वाट्याला आलंच नाही. तुमच्या बॅगेत जागा असेल तर ते टाका. मी टाकलं नव्हतं.