ब्रिटनमध्ये सनदी अधिकारी समारंभाच्या पदावर कसा पोहोचतो?

ब्रिटनच्या सनदी अधिकारी अँटोनिया रोमिओ या ‘क्लार्क ऑफ द क्राउन इन चॅन्सरी’, म्हणजे राजाच्या नावाने निघणारी औपचारिक कागदपत्रे सांभाळणाऱ्या अधिकारी, कशा झाल्या आणि हे पद केवळ शोभेचे आहे का, असे आपण विचारले आहे.

या पदासाठी स्वतंत्र भरती होत नाही. न्याय मंत्रालयाचा जो पर्मनंट सेक्रेटरी, म्हणजे खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी असतो, त्याच्याकडेच ते चालत येते. रोमिओ २००० मध्ये याच मंत्रालयाच्या पूर्वसुरी खात्यात अर्थतज्ज्ञ म्हणून रुजू झाल्या, पुढे न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत आणि व्यापार खात्याच्या सचिव झाल्या, आणि २०२१ मध्ये न्याय मंत्रालयात सचिव होऊन परतल्या, तेव्हा हे मध्ययुगीन पदही त्यांच्याकडे आले. २०२५ मध्ये त्या गृह खात्यात गेल्या. पद मात्र न्याय मंत्रालयातच राहिले. त्यामुळे समारंभाची अशी वेगळी कारकीर्द नसते; तुरुंग आणि न्यायालयांचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीनेच हेही सांभाळायचे असते.

समारंभ म्हणाल, तर मे २०२४ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाची अधिकृत नोंद असलेली हस्तलिखित गुंडाळी रोमिओ यांनी त्यांना सादर केली. तिची लांबी २१ मीटर असून, ती चामड्याऐवजी कागदावर लिहिलेली अशी पहिलीच गुंडाळी आहे.

पण माझ्या मते या पदाचे खरे मोल निवडणुकीत कळते. आपल्याकडे निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती अधिसूचना काढतात. तिथे ३० मे २०२४ रोजी संसद विसर्जित झाल्यावर ६५० मतदारसंघांच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना क्लार्क ऑफ द क्राउनच्या कार्यालयाकडून ‘रिट’, म्हणजे निवडणूक घेण्याची आज्ञा गेली. निकाल जाहीर झाल्यावर विजयी उमेदवाराचे नाव त्याच आज्ञापत्रावर नोंदवून ते परत पाठवावे लागते. एक कागद राजाच्या नावाने निघतो आणि मतदारांनी निवडलेले नाव घेऊन परततो, ही व्यवस्था मला फार अर्थपूर्ण वाटते. परत आलेल्या नावांची नोंदवही नव्या सभागृहाच्या पहिल्याच दिवशी हाउस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सचिवाकडे सुपूर्द होते, आणि त्यानंतरच सदस्य अध्यक्ष निवडायला बसतात.