थडग्यांची नोंद करायला निघण्यापूर्वी

ठाण्यातील जुन्या दफनभूमींची नोंद करण्याचा तुमचा मनोदय चांगला आहे. मात्र कॅमेरा घेऊन थेट फाटकाशी जाण्याआधी चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या आणि दफनाची नोंदवही पाहायला मिळेल का, तेही विचारा, कारण जागेअभावी एखादी कबर पुन्हा वापरली गेली असेल, तर आधीचे नाव कदाचित त्या वहीतच उरलेले असते.

दगड वाचताना घाई करू नका. खडू, तारेचा ब्रश आणि आम्ल पूर्णपणे वर्ज्य माना; सुरुवातीच्या उत्साहात मी एका शिळेवर खडू घासला होता आणि खाचांत बसलेली ती पांढरी भुकटी आजही मला खजील करते. सकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा सावली असल्यास आरशाने बाजूने उजेड पाडल्यावर, झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या, थडग्यांवर अनेकदा मराठी आणि हिब्रू असे दोन्ही मजकूर आढळतात. हिब्रू साल पुष्कळदा हजारांचा आकडा गाळून अक्षरांत कोरलेले असते. प्रत्येक हिब्रू अक्षराला ठरावीक अंकमूल्य असते; त्या मूल्यांची बेरीज ६४० आली, तर तीत १२४० मिळवून १८८० हे इसवी साल मिळते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने मृत्यू ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला असेल, तर १८७९ धरावे. शेवटी ‘कर’ असलेले आडनाव बहुधा कोकणातले मूळ गाव सांगते. ते जसेच्या तसे उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

मोबाइलवरील अक्षांश-रेखांश काही मीटर चुकू शकतात, म्हणून कुंपणाच्या पक्क्या कोपऱ्यापासूनचे अंतर मोजपट्टीनेही टिपून ठेवा.