मलम कोणते, किती आणि कुठवर?

प्रश्न : जांघेत गोल, खाजरा चट्टा उठला होता. ओळखीच्या एकाने दिलेले मलम लावल्यावर तीन दिवसांत खाज थांबली; पण मलम बंद करताच चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परतला. तेच मलम पुन्हा लावावे का?

उत्तर : लावू नये. आपल्या वर्णनावरून हे गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग असावा आणि त्या मलमात स्टेरॉइड असावे, अशी दाट शंका येते. ट्यूबवरील बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, ते भिंगाखाली धरून का होईना, वाचावे. स्टेरॉइडने त्वचेचा दाह शमतो, त्यामुळे खाज व लाली झपाट्याने उतरते आणि रोग बरा झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात बुरशी मरत नाही. तिला थोपवणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच दडपली गेल्याने ती निर्धास्तपणे पसरत राहते. शिवाय गजकर्णाची ओळखीची खूण असलेली लालसर, कोंडा सुटणारी कड पुसट होते आणि जाणत्या डॉक्टरांचीही नजर चुकू शकते. या फसव्या रूपाला वैद्यकशास्त्रात ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण, असेच नाव आहे. अशा वेळी चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडून ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर बुरशीचे तंतू दिसू शकतात. तपासणी साधी आहे आणि ती करून घ्यावी.

बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये घातलेली मिश्रणेही मिळतात. ती सोयीची वाटतात खरी, परंतु माझ्या मते ती निदान टाळण्याची सोय आहे. जांघेतली त्वचा पातळ आणि नेहमी दुमडलेली असल्यामुळे तेथे तीव्र स्टेरॉइड फार दिवस लावल्यास कायमचे पट्टे उमटतात, ते नंतर कोणत्याही मलमाने जात नाहीत. निदान पक्के झाल्यावर टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलसारखे निव्वळ बुरशीनाशक चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आणखी एक-दोन आठवडे, चालू ठेवावे. रोग पसरला असेल किंवा आधी स्टेरॉइड लावले गेले असेल, तर बहुतेकदा पोटात घेण्याच्या गोळ्या लागतात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या खोबणीत इसब आहे. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे मलम दिले. दुष्परिणामांच्या भीतीने मी ते अगदी नखभर लावते. हे योग्य आहे ना?

उत्तर : वरच्या उत्तरात ज्या औषधाला मी दोष दिला, तेच औषध येथे योग्य आहे, कारण रोग वेगळा आहे. इसबाचे मूळ दाहात आणि त्वचेच्या कमकुवत झालेल्या आवरणात आहे, म्हणून दाह पुरता शमवणे हाच उपचार. अपुऱ्या मात्रेने तो अर्धवट शमतो, आठवड्याने उसळतो आणि शेवटी मुलाला एकूण औषध जास्तच लागते.

मात्रेचे एक सोपे माप आहे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि प्रौढाचे दोन तळवे बोटांसकट झाकले जातील एवढ्या त्वचेला ती पुरते. मुलासाठीही माप मोठ्यांच्या बोटाचेच धरावे. भीती बाळगायचीच असेल तर ती जागेबद्दल बाळगावी. हायड्रोकॉर्टिझोन त्वचेतून किती शोषले जाते याचे मोजमाप झाले, तेव्हा कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळावर ते सुमारे 6 पट आणि जबड्यावर 13 पट आढळले. म्हणून खोबणीसाठी दिलेले मलम आपल्या मनाने चेहऱ्यावर, विशेषतः पापण्यांवर, लावू नये.

मॉइश्चरायझर मात्र हात आखडता न घेता रोज लावावे, इसब शांत असतानाही. कोरड्या, जाड झालेल्या त्वचेला चिकट मलम मानवते, ओलसर चट्ट्याला क्रीम आणि केसाळ भागाला लोशन. औषध तेच असले तरी त्याचे रूप चुकले, तर गुण येण्यास वेळ लागतो.

प्रश्न : खरजेसाठी पर्मेथ्रिन क्रीम दोनदा लावले. दुसऱ्यांदा लावून दहा दिवस झाले तरी खाज आहे. तिसऱ्यांदा लावू का?

उत्तर : घाई नको. किडे मेल्यावरही त्यांच्या अवशेषांविरुद्धची त्वचेची प्रतिक्रिया दोन ते चार आठवडे टिकू शकते. वारंवार क्रीम लावल्याने त्वचा कोरडी पडून खाज वाढते. नवे पुरळ उठत असेल किंवा खाज चार आठवड्यांपलीकडे राहिली, तर मात्र पुन्हा तपासून घ्यावे. त्या वेळी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीसुद्धा 5 टक्क्यांचे क्रीम 8 ते 14 तास राहिले होते का? दुसरा हात सुमारे आठवड्याने दिला का? आणि घरातल्या सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच दिवशी ते लावले का? बहुतेक वेळा घोळ या तिसऱ्या गोष्टीत असतो.

प्रश्न : मुरुमांसाठी ॲडापॅलिन लावून तीन आठवडे झाले, चेहरा सुधारण्याऐवजी सोलवटला आहे.

उत्तर : सुरुवातीला असे होतेच. काही दिवस एका रात्रीआड, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच औषध लावावे आणि गुण आला की नाही याचा निवाडा 8 ते 12 आठवड्यांनंतर करावा. गर्भधारणेच्या काळात हे औषध वापरू नये.

प्रश्न : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा दिले आहे. महिना झाला, फरक थोडा आहे. रोज घेतल्यास लवकर गुण येईल का?

उत्तर : कदापि रोज घेऊ नये. चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हे औषध सावकाश काम करते आणि पुरता परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. दरम्यान रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या आणि फॉलिक ॲसिड ठरल्याप्रमाणे चालू ठेवावे, मद्य टाळावे आणि दुसरे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे सांगावे. तोंड येणे, ताप किंवा धाप लागणे यांपैकी काही झाले, तर पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गोळीचा वार पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि तो घरातल्या आणखी एकाला तरी ठाऊक असावा.